दूरच्या विमानप्रवासांतील वरचा वर्ग व त्याचें भाडें

परदेशगमन ही एके काळीं एखाद्या घराण्यांत पिढीला एकदांच घडणारी गोष्ट असे. मुलगा विलायतेस निघाला म्हणजे सारी आळी त्यास पोंचविण्यासाठीं स्थानकावर जमे, आणि त्याचें पत्र आलें कीं तें चार घरीं फिरे. ती स्थिति आतां पार पालटली आहे. नागपूरच्या पूर्व भागांतील लकडगंज या वस्तीकडे पाहिलें तरी हा पालट स्पष्ट दिसतो. लकडगंज ही नांवाप्रमाणेंच लांकडाची पेठ. आरागिरण्यांची घरघर, ओंडक्यांचे ढीग आणि ओल्या भुशाचा वास ही तिची जुनी ओळख. बल्लारशा, आलापल्ली इकडील सागवान पारखून आणणें, एवढ्यापुरताच येथील व्यापाऱ्याचा प्रवास पूर्वीं असे. पुढें परदेशी लांकूड येऊं लागलें. आणि ब्रह्मदेशानें १ एप्रिल २०१४ पासून ओंडक्यांची निर्यात बंद केल्यावर तर घाना, पनामा, इक्वेडोर अशा दूरदूरच्या देशांतील सागवानाकडे भारतांतील व्यापाऱ्यांना अधिकच वळावें लागलें. दुसरीकडे, अशा वस्त्यांतील मुलें-मुली शिकून न्यू जर्सी, टोरांटो, मेलबर्न येथें स्थायिक झालीं, आणि मुलीचें बाळंतपण किंवा नातवाची मुंज या निमित्तानें आईवडिलांना सातासमुद्रांपलीकडे जाणें प्राप्त झालें.

प्रश्न उभा राहतो तो येथेंच. मुंबईहून न्यूयॉर्क सुमारें साडेबारा हजार किलोमीटर दूर आहे. विमान कोठेंहि न थांबतां गेलें तरी पंधरा-सोळा तास लागतात. अडुसष्ट वर्षांचे वडील, गुडघे दुखणारी आई, आणि पाठ टेकण्यापुरती मागें झुकणारी अरुंद खुर्ची! मुलगी तिकडून कळविते, "आई, यावेळीं बिझिनेस क्लासनेंच या." वडील भाडें विचारतात आणि गप्प होतात, कारण तें भाडें साध्या वर्गाच्या तिप्पट-चौपट असतें, आणि तो पैसा उतारवयाच्या पुंजींतून काढावयाचा असतो. मग कोणी हा सारा श्रीमंतांचा चोंचला म्हणून विषयच सोडून देतो, तर कोणी मुलांच्या आग्रहास्तव पहिलें सांगितलेलें भाडें मुकाट्यानें भरून मोकळा होतो. दोघांचेंहि चुकतें. या वर्गाचें भाडें पोस्टाच्या तिकिटाप्रमाणें ठरलेलें नसून बाजारभावाप्रमाणें चढतें-उतरतें असतें, आणि बाजारभाव ज्याला वाचतां येतो त्याला तीच वस्तु पुष्कळ कमी दामांत मिळूं शकते.

प्रथम ही वस्तु कोणती तें नीट समजून घेतलें पाहिजे. एअर इंडिया इंटरनॅशनलचें पहिलें विमान ८ जून १९४८ रोजीं मुंबईहून कैरो व जिनीव्हा मार्गें लंडनला गेलें. त्या 'मलबार प्रिन्सेस' नांवाच्या कॉन्स्टेलेशन विमानाच्या प्रवासाचें भाडें १७२० रुपये होतें. त्या काळच्या शिक्षकाला तें वर्षाच्या पगारासारखें वाटलें असेल. विमानांत तेव्हां आजच्यासारखे वर्ग नव्हते. १९५२ सालीं अटलांटिक महासागरावरील प्रवासांत 'टूरिस्ट' नांवाचा स्वस्त वर्ग निघाला. पुढें १९७० च्या दशकाच्या अखेरीस, पूर्ण भाडें भरणाऱ्या व्यापारी-अधिकारी मंडळींसाठीं, पहिला वर्ग व साधा वर्ग यांच्या मधला असा हा बिझिनेस वर्ग निर्माण झाला. आरंभीं त्यांत खुर्ची थोडी ऐसपैस असे इतकेंच. २००० सालीं ब्रिटिश एअरवेजनें याच वर्गांत पूर्ण सपाट होणारा बिछाना दिला, आणि मग इतर कंपन्यांनाहि तें अनुकरण करणें भाग पडलें. म्हणजे आज जो जादा पैसा मोजावयाचा, तो मुख्यतः आडवें होऊन झोंपण्यासाठीं. चांदीसारखे चमचे, विमानतळावरील विश्रामगृह, गोड बोलणें हे सारे वरचे अलंकार होत. ही गोष्ट पक्की ध्यानांत ठेवली म्हणजे कोठें पैसा टाकावा व कोठें राखावा, हें आपोआप कळूं लागतें.

आतां भाव असे चढतात-उतरतात कां? लकडगंजांतील ओंडका आज विकला गेला नाहीं तर तो उद्यां विकतां येतो. उलट वाळून तो अधिक चांगला होतो. परंतु जवळच्याच कळमना बाजारांत आलेलें संत्रें तसें नव्हे. तें चार दिवसांत खपलें पाहिजे. विमानांतील आसन संत्र्याहूनहि नाशवंत आहे. विमानानें जमीन सोडली कीं रिकाम्या आसनाची किंमत शून्य होते. म्हणून कंपन्या एकाच प्रकारचीं आसनें अनेक भावांच्या टोपल्यांत वांटून ठेवतात. प्रत्येक टोपलीला एक रोमन अक्षर असतें. शेजारीशेजारीं बसलेल्या, तेंच जेवण जेवणाऱ्या दोन प्रवाशांच्या भाड्यांत दुपटीचें अंतर असूं शकतें तें यामुळें. स्वस्त टोपलींतील आसनें थोडीं असतात. तीं संपलीं कीं पुढची महाग टोपली उघडते, आणि मागणी नाहीं असें दिसलें तर बंद झालेली स्वस्त टोपली पुन्हां उघडण्यांत येते. अमेरिकेंत १९७८ सालीं विमानभाड्यांवरील सरकारी नियंत्रण उठल्यावर अमेरिकन एअरलाइन्सनें गणकयंत्रांच्या साहाय्यानें ही पद्धति शास्त्राच्या पदवीला नेली, आणि आज ती सर्व जगांत रूढ आहे. तेव्हां "बिझिनेस क्लासचें भाडें किती?" हा प्रश्नच अपुरा आहे. कोणत्या दिवशीं, कोणत्या मार्गानें, किती आधीं व कोणत्या अटींवर, इतकें सांगितल्यावांचून त्याला उत्तर नाहीं.

मार्गाचा विचार पहिल्यानें करूं. थेट विमान सोयीचें, म्हणून तें बहुधा महाग. वाटेंत एखाद्या मोठ्या नाक्यावर विमान बदलावें लागत असेल तर भाडें पुष्कळदां उतरतें, कारण तेथें दहा ठिकाणचे प्रवासी एकत्र करून दहा ठिकाणीं वांटतां येतात. नागपूरकरांना ही कल्पना परकी वाटूं नये. १९४९ सालीं रात्रीची विमानटपाल सुरू झाली तेव्हां मुंबई, दिल्ली, कलकत्ता व मद्रास येथून निघालेलीं विमानें मध्यरात्रीं नागपुरास एकत्र येत, टपालाच्या थैल्यांची व उतारूंची अदलाबदल होई, आणि पहांटेपूर्वीं तीं आपापल्या वाटेनें परतत. आज दोहा, दुबई, अबू धाबी, इस्तंबूल, आदिस अबाबा हीं शहरें तेंच काम साऱ्या जगासाठीं करीत आहेत. घानाला लांकूड पाहण्यास जाणाऱ्या व्यापाऱ्यानें म्हणूनच युरोपची वाट सहसा धरूं नये. मुंबईहून आदिस अबाबा व तेथून अक्रा ही वाट जवळचीहि आहे. सोनेगांवच्या विमानतळावरूनहि गेल्या कांहीं वर्षांत दोहा व शारजा येथें थेट विमानें जात आलीं आहेत; मात्र शारजाचीं विमानें स्वस्त सेवेचीं असल्यानें त्यांत वरचा वर्गच नसतो, हें आधीं माहीत असावें.

प्रवास कोठून सुरू करावा, हा याचाच दुसरा भाग. मुंबईहून निघणारें भाडें नागपूरहून निघणाऱ्या भाड्यापेक्षां कमी दिसतें, आणि मग आगगाडीनें अगर वेगळ्या विमानानें मुंबई गांठण्याचा मोह होतो. समृद्धि महामार्गहि ५ जून २०२५ पासून संपूर्ण खुला झाला आहे. परंतु सातशें किलोमीटर मोटारींत बसून आलेल्या वृद्ध माणसाला पुढें सपाट बिछाना दिला, तरी त्याचा अर्धा लाभ आधींच वायां गेलेला असतो. शिवाय तिकिटें दोन वेगळीं असलीं, आणि पहिलें विमान उशिरां आल्यामुळें दुसरें चुकलें, तर दुसऱ्या कंपनीवर कसलीच जबाबदारी येत नाहीं. सामानहि मध्यें स्वतः उतरवून पुन्हां द्यावें लागतें. एकाच तिकिटावर संबंध प्रवास असेल तर पुढची सोय लावून देणें कंपनीचें काम असतें. तरुण माणसानें दोन तिकिटांचा जुगार खुशाल खेळावा, पण एक दिवस आधीं मुंबईस पोंचण्याची तजवीज ठेवून. सत्तरीच्या दांपत्यानें नागपूर ते मुक्काम असें एकच तिकीट घ्यावें हें उत्तम. त्यासाठीं दिलेले थोडे अधिक पैसे हा एक प्रकारचा विमाच होय.

दुसरा विचार काळाचा. भारतांतून मे-जून महिन्यांत व डिसेंबरच्या मध्यानंतर दूरचीं विमानें भरून जातात. जानेवारी संपल्यापासून मार्चच्या मध्यापर्यंत, आणि पावसाळा सरतां सरतां दिवाळीपूर्वीं, भाव सामान्यतः मऊ असतो. आठवड्याच्या मधले दिवस शुक्रवार-रविवारापेक्षां बहुधा बरे. बाळंतपणाची तारीख आपल्या हातीं नसते हें खरें. पण जाण्याची निश्चित असली तरी परतण्याची तारीख चार-सहा दिवस पुढें-मागें करतां येते, आणि केवळ तेवढ्यानेंहि भाड्यांत मोठा फरक पडलेला आढळतो. यासाठीं प्रवासाच्या सहा-आठ महिने आधींपासून दर आठवड्यास एकदां भाव पाहून वहींत टिपून ठेवावा. सागवानाचा भाव रोज लिहिणाऱ्या माणसाला हें शिकवावें लागत नाहीं. महिना-दोन महिने टिपण झालें म्हणजे नेहमींचा भाव कोणता व खरी सूट कोणती हें समजतें. मग "आज शेवटचा दिवस" अशा जाहिरातीनें मन विचलित होत नाहीं.

तिसरी युक्ति अर्ध्या बिछान्याची. जातांना वरचा वर्ग व येतांना साधा, किंवा उलट, असें एकाच तिकिटावर बहुतेक कंपन्या देतात. ज्या बाळंतिणीसाठीं आई निघाली आहे तिच्या घरीं पोंचतांच आईला कामास जुंपून घ्यावें लागतें. तिनें जातांना झोंपून जावें. परततांना घर आपलें असतें, चार दिवस विश्रांति घेतां येते. मात्र एका दिशेचें वेगळें तिकीट घेतल्यास तें जाण्या-येण्याच्या निम्म्याहून पुष्कळ महाग पडूं शकतें. म्हणून दोन्ही प्रकारें हिशेब मांडून पहावा. याच्या उलट एक फसगतहि आहे. स्वस्त म्हणून दाखविलेल्या 'बिझिनेस' तिकिटांत कधीं कधीं मुंबई ते आखाताचा तीन तासांचा लहान टप्पा तेवढा वरच्या वर्गाचा, आणि पुढील चौदा तासांचा टप्पा साध्या वर्गाचा असतो! प्रत्येक टप्प्यापुढें कोणता वर्ग लिहिला आहे, विमान कोणतें, व त्या विमानांतील खुर्ची खरोखर सपाट होते कीं नाहीं, हें पैसे देण्यापूर्वीं पहावें. 'प्रीमियम इकॉनॉमी' म्हणून जो मधला वर्ग निघाला आहे, तो जुन्या आगगाडीच्या इंटर क्लासासारखा. पाय पसरावयास जागा अधिक, पण बिछाना नव्हे. ज्याची प्रकृति धड आहे त्यास तो पुरेसा होतो.

चवथा मार्ग गुणांचा. वारंवार प्रवास करणाऱ्यांसाठीं प्रत्येक कंपनीची एक योजना असते. एअर इंडियाच्या योजनेस महाराजा क्लब म्हणतात. एअर इंडिया जुलै २०१४ मध्यें स्टार अलायन्स या संघांत सामील झाली, त्यामुळें तिचे गुण संघांतील इतर कंपन्यांच्या विमानांवरहि वापरतां येतात. कांहीं बँकांच्या क्रेडिट कार्डांवर जमणारे गुणहि अशा योजनांत वळवितां येतात. वरच्या वर्गासाठीं गुणांचा जितका मोबदला मिळतो तितका साध्या वर्गासाठीं मिळत नाहीं, म्हणून गुण जपून ठेवावयाचे ते अशाच दूरच्या प्रवासासाठीं. पण तीन गोष्टी विसरूं नयेत. गुणांनीं तिकीट काढलें तरी कर व अधिभार रोख द्यावे लागतात. गुणांना मुदत असते व त्यांचें मोल कंपनी केव्हांहि घटवूं शकते. आणि कार्डाचें देणें थकलें तर महिन्यास साडेतीन टक्क्यांच्या आसपास व्याज चढूं शकतें. गुण मिळविण्याकरितां खर्च करणें म्हणजे भुसा मिळावा म्हणून चांगला ओंडका चिरण्यासारखें आहे.

पांचवा मार्ग बोलीचा. साध्या वर्गाचें तिकीट घेतलेल्या प्रवाशांना अनेक कंपन्या निघण्यापूर्वीं कांहीं दिवस विचारतात, वरच्या वर्गासाठीं जादा किती द्याल? लिलावाची संवय असलेल्या माणसाला येथें सांगावयास नको कीं, आपली कमाल रक्कम आधीं मनाशीं ठरवून मगच बोली करावी. ही रक्कम दर माणशीं व दर टप्प्यास असते हें लक्षांत न घेतल्यामुळें दांपत्याचा अंदाज चुकतो. बोली मान्य न झाल्यास पैसे लागत नाहींत. मान्य झाल्यास परतहि मिळत नाहींत. आणि सामानाची मर्यादा पुष्कळदां मूळ तिकिटाचीच राहते. हा मार्ग ज्याला साध्या वर्गानेंहि जाणें चालेल त्याच्यासाठीं आहे. ज्याला बिछाना मिळालाच पाहिजे त्यानें नशिबावर विसंबूं नये.

कधीं कधीं कंपनीच्याच चुकीनें भाडें अतिशय खालीं लागतें. ऑगस्ट २०२३ मध्यें ऑस्ट्रेलियाच्या क्वांटास कंपनीनें अमेरिकेला जाण्याचें पहिल्या वर्गाचें भाडें सुमारें ८५ टक्के कमी लावलें आणि जवळजवळ ३०० लोकांनीं तीं तिकिटें घेतलीं. कंपनीनें त्यांना पहिल्या वर्गाऐवजीं बिझिनेस वर्गांत जागा देऊं केली. असे प्रसंग ऐकण्यास गोड; पण बाळंतपणाला वेळेवर पोंचावयाचें असेल तर त्यांवर बेत उभारूं नये.

कराचा हिशेबहि करून ठेवला पाहिजे. भारतांतून सुरू होणाऱ्या प्रवासांत साध्या वर्गावर ५ टक्के, तर त्यावरील वर्गांवर १२ टक्के वस्तु व सेवा कर असे. २२ सप्टेंबर २०२५ पासून वरच्या वर्गांवरील कर १८ टक्के झाला. दोन लाख रुपये मूळ भाडें धरलें तर जेथें २४,००० रुपये कर पडे तेथें आतां ३६,००० पडतो. म्हणून दोन भाड्यांची तुलना करतांना करासहित एकूण रक्कमच पहावी. नोंदणी असलेला व्यापारी धंद्यासाठीं जात असेल, तर आपला कर-क्रमांक तिकिटाच्या बिलावर घालून या कराची वजावट मागूं शकतो. मात्र तोच व्यापारी मुलाला भेटावयास जात असेल तर ती वजावट त्याची नव्हे. दोन्ही प्रवासांची वही वेगळी ठेवणें हें शहाणपणाचें व सचोटीचेंहि आहे.

जेथें भाव मोठा तेथें ठक असावयाचेच. निम्म्या भाड्यांत बिझिनेसचें तिकीट देतों म्हणणारे कित्येकजण दुसऱ्याच्या खात्यांतील गुण विकत असतात. कंपनीच्या ध्यानांत आल्यास असें तिकीट रद्द होतें, आणि प्रवासी परक्या विमानतळावर अडकून पडतो. खऱ्या तिकिटाचा क्रमांक तेरा आंकडी असतो. त्यांतील पहिले तीन आंकडे कंपनीचे. एअर इंडियाचे ०९८, कतार एअरवेजचे १५७, एमिरेट्सचे १७६. पैसे दिल्यावर केवळ सहा अक्षरी आरक्षण-चिन्हावर समाधान न मानतां हा तेरा आंकडी क्रमांक मागून घ्यावा, आणि कंपनीच्या स्वतःच्या कार्यालयाकडे तो ताडून पहावा. ओळखीचा, आयाटाची मान्यता असलेला दलाल थोडें कमिशन घेईल. पण व्हिसा लांबल्यावर किंवा आजार उद्भवल्यावर तारीख बदलून देण्यास तोच धांवून येतो. स्वस्त तिकिटाच्या अटी कडक असतात. म्हणून व्हिसा हातीं येण्यापूर्वीं परत न मिळणारें तिकीट काढूं नये.

शेवटीं प्रकृतीविषयीं एक गोष्ट. बिछाना म्हणजे औषध नव्हे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००७ सालच्या अभ्यासाप्रमाणें चार तासांहून अधिक वेळ हालचालीवांचून बसल्यास पायाच्या नसांत रक्त गोठण्याचा धोका सुमारें दुप्पट होतो. निरोगी माणसांत तो सहा हजारांत एक इतकाच असतो. हा धोका खुर्ची स्वस्त असल्यामुळें नसून हालचाल थांबल्यामुळें आहे, आणि वरच्या वर्गांत निश्चल पडून राहणाऱ्यालाहि तो सुटलेला नाहीं. पाणी पिणें, पाय हालविणें, मधूनमधून चार पावलें चालणें, आणि पूर्वीं असा विकार झाला असल्यास वैद्याचा सल्ला घेणें, हे उपाय दोन्ही वर्गांत सारखेच, आणि त्यांना भाडें पडत नाहीं.

तेव्हां निर्णय कसा करावा? ज्याचा कणा, गुडघे किंवा हृदय खरोखर दुबळें आहे, त्यानें वरचा वर्ग हा चोंचला समजूं नये. सहा महिने आधीं भाव पहावयास लागावें, एकच तिकीट घ्यावें, परतीची तारीख सैल ठेवावी, आणि निदान एका दिशेला तरी आडवें होऊन जावें. ज्याची प्रकृति ठणठणीत आहे, त्यानें साध्या वर्गानें जाण्यांत कमीपणा मानूं नये. वांचलेले दोन लाख नातीच्या शिक्षणाला उपयोगीं पडतील. दोघे मिळून निघाले असतील व पुंजी एकापुरतीच असेल, तर आई-वडिलांनीं एकमेकांसाठीं त्याग करण्याची चढाओढ न करतां, ज्याच्या अंगांत त्राण कमी त्यास बिछाना द्यावा. लांकूड घेतांना लकडगंजचा व्यापारी ओंडक्याची साल पाहून भुलत नाहीं. गाभा किती निघेल तें पाहतो. तिकीट घेतांनाहि गाभा एवढाच कीं, माणूस धडधाकट पोंचावा, आणि त्याच्या मागें घराला कर्ज राहूं नये.